चुकणाऱ्यांची कैवारी

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात वलगाव येते. गावाजवळ पेढी नदीचा पूल लागला, की एसटीतली म्हातारी माणसे हात जोडतात. आजारी गाडगेबाबांना अमरावतीकडे नेत असताना २० डिसेंबर १९५६ रोजी इथेच त्यांची प्राणज्योत मालवली. या वलगावात माझी बहीण राहते. तिची मुलगी रोज एसटीने अमरावतीला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जाते. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हाची ही हकिगत.

भाची ओसरीवर लॅपटॉप मांडून बसली होती. दहावीपर्यंत ती मराठी शाळेत शिकलेली. कॉलेजात नुकतीच संगणकाची भाषा शिकवायला लागले होते आणि तिने वीस ओळींचा एक प्रोग्रॅम, म्हणजे संगणकाने करायच्या कामाची आज्ञावली, स्वतः लिहिली होती. तिने कळ दाबली आणि पडद्यावर तक्रारींची रांग लागली. मोजल्या तर एकतीस! साऱ्या इंग्रजीत, आणि इंग्रजीही असे की इंग्रजीच्या प्राध्यापकालाही उमगू नये. पोरीने दोन तास एकेक ओळ बदलून पाहिली. बरोबर असलेल्या ओळीही चुकीच्या करून ठेवल्या. शेवटी झाकण मिटले आणि आईला सांगून टाकले, की हे आपल्यासारख्यांचे काम नाही, मी आपली बी.ए.ला नाव टाकते.

दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गातल्या एका मुलाने तो प्रोग्रॅम पाहिला. चौथ्या ओळीत उघडलेला एक कंस मिटवायचा राहून गेला होता. चूक एकच होती. यंत्राने तिच्या एकतीस करून सांगितल्या होत्या.

ही यादी ज्याने तिच्यापुढे टाकली त्याला कंपायलर म्हणतात. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवून देणारा हा दुभाषा. तो हाडामांसाचा नसतो. तोही एक प्रोग्रॅमच असतो. माणूस एकदा चुकला म्हणून त्याला असे नामोहरम करणारा दुभाषा पाहिला, की त्याच्या जन्माची कथा आठवते आणि नवल वाटते. कारण ज्याला सामान्यतः पहिल्या कंपायलरचा मान देतात, तो एका बाईने तयार केला, आणि तो केला तो माणसे चुकतात म्हणूनच. त्या बाईंचे नाव ग्रेस हॉपर.

सात घड्याळे

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कला झाला. वडील विम्याच्या व्यवसायात होते, आईला गणिताची आवड होती. मुलींनाही मुलांच्या बरोबरीने शिकवायचे हा वडिलांचा आग्रह. सात वर्षांच्या ग्रेसला गजराचे घड्याळ आतून कसे चालते हे पाहायचे होते. तिने एक उघडले. ते पुन्हा जुळेना. कसे जुळते हे पाहायला दुसरे उघडले. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळे सुटी होऊन पडली होती. आईने काढलेला तोडगा शहाणपणाचा होता. खेळ बंद केला नाही. मात्र यापुढे खेळायला एकच घड्याळ मिळेल असे ठरवून दिले.

पुढे मोठे नाव मिळवलेल्या माणसांची चरित्रे वाचताना वाटते, की ही माणसे कधी नापास झालीच नसतील. ग्रेस सोळाव्या वर्षी व्हॅसर कॉलेजात प्रवेश घ्यायला गेली, तर लॅटिनच्या कमी गुणांमुळे तिला थांबावे लागले. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली, १९३० साली येल विद्यापीठाची एम.ए. आणि १९३४ साली तिथलीच गणितातली पीएच.डी. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झाले. ते १९४५ मध्ये मोडले, पण आडनाव कायम राहिले. व्हॅसरमध्येच त्या गणित शिकवू लागल्या. दुसरे महायुद्ध आले नसते, तर त्यांचे सारे आयुष्य तिथे फळ्यासमोरच गेले असते.

एक्कावन्न फुटी यंत्र

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. हॉपरबाईंनी नौदलात जायचे ठरवले. वय जास्त आणि वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी कमी. खास परवानगी काढून डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४ च्या जुलैमध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली झाली. तिथे मार्क वन नावाचे यंत्र होते: लांबी ५१ फूट, उंची ८ फूट. त्याला एक गुणाकार करायला सुमारे सहा सेकंद लागत. आज खिशातला साधा कॅल्क्युलेटरही त्याला हसेल. पण त्या काळी तो चमत्कार होता.

त्या यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या कागदी फितीला भोके पाडून. एक भोक चुकीच्या जागी पडले की उत्तर चुकले. मग चुकीचे भोक बुजवायचे, शेजारी नवे पाडायचे. कापडाला ठिगळ लावावे तसे त्या फितींना ठिगळ लावलेले असे. या यंत्राचे पाचशेहून अधिक पानांचे माहितीपुस्तक बाईंनी लिहिले. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्याविषयी सर्वांत जास्त सांगितली जाते ती पतंगाची गोष्ट. ९ सप्टेंबर १९४७ रोजी पुढचे यंत्र, मार्क टू, बिघडले. शोधता शोधता आत अडकलेला एक पतंग सापडला. तो चिमट्याने काढून नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. ती वही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवली आहे. प्रोग्रॅममधल्या दोषाला इंग्रजीत किडा म्हणतात तो तेव्हापासून, असे लोक सांगतात. ते खरे नाही. हा शब्द एडिसनच्या काळापासून वापरात होता. पतंग बाईंनी स्वतः पकडला असेही नाही. त्यांनी ती गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली, एवढे मात्र खरे. यंत्रातला किडा चिमट्याने निघतो. माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांना चिमटा नाही. त्यांच्यासाठी काय करायचे, हा प्रश्न बाईंच्या डोक्यात घोळू लागला होता.

बँकेचा हिशेब जुळेना

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट–मॉकली कंपनीत दाखल झाल्या. तिथे बायनॅक नावाचे यंत्र होते. त्याच्यासाठी काम करताना आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीऐवजी अष्टमान पद्धतीने आकडे मांडावे लागत. तिथे सातानंतर येतो तो थेट दहा. आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. बाई त्यात इतक्या मुरल्या, की अष्टमानात बेरीज-वजाबाकी त्यांना मुखोद्गत झाली. आणि मग बँकेच्या खात्याचा हिशेब जुळेना! महिने गेले तरी जुळेना. भाऊ बँकेच्या पेशातला, त्याला बसवले. त्याने शोधून काढले, की बहीणबाई चेकबुकातली वजाबाकी मधूनमधून अष्टमानात करत होत्या.

गणितात डॉक्टरेट केलेली बाई साध्या वजाबाकीत चुकते, ती अडाणी म्हणून नव्हे. यंत्राच्या पद्धतीने विचार करण्याची सक्ती माणसावर केली, की माणूस कुठेतरी घसरणारच. यंत्राने माणसाकडे एक पाऊल यावे, हे शहाणपण इथे उगवले.

कंपनीचे पुढचे यंत्र युनिव्हॅक. त्यावर काम करणारे लोक एकमेकांच्या वह्यांतून तयार आज्ञांचे तुकडे उतरवून घेत. वर्गमूळ काढायचे आहे? कोणाच्या तरी वहीत तो तुकडा तपासून ठेवलेला असे. तो आपल्या कामात उतरवायचा. उतरवताना चुका होत. इंग्रजी बी अक्षर घाईत तेरासारखे दिसे. कोरी जागा दाखवायला डेल्टाचा त्रिकोण काढत, त्याचा चार व्हायचा. शिवाय प्रत्येक आज्ञेचा यंत्रातला पत्ता नव्या कामात बदलावा लागे. त्यासाठी साधी बेरीज करायची, आणि तीही चुके. बाईंनी पाहिले, की हुशार माणसांना दोन गोष्टी धड जमत नाहीत: नक्कल आणि बेरीज. आणि यंत्राला नेमक्या याच दोन गोष्टी उत्तम जमतात.

मग हे काम यंत्रालाच का सांगू नये? त्यांनी तपासून पक्के केलेले तुकडे चुंबकीय फितीवर ठेवले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. काम करणाऱ्याने फक्त क्रमांक लिहायचे. यंत्र ते तुकडे शोधून आणी, पत्ते बदलून एकत्र लावी आणि पुरा प्रोग्रॅम तयार करून देई. हे संकलनाचेच काम, म्हणून त्याचे नाव कंपायलर. १९५२ साली तो चालू लागला. त्याचे नाव ए-झिरो. चालता कंपायलर हातात असूनही बराच काळ त्याला कोणी हात लावीना. यंत्र फक्त आकडेमोड करते, प्रोग्रॅम लिहीत नाही, असे जाणकारच बाईंना ऐकवत.

यंत्राला भाषा

बाईंची पुढची झेप अधिक मोठी होती. कारकून, हिशेबनीस, दुकानदार अशा माणसांना गणिताची चिन्हे नकोशी वाटतात. त्यांना आपल्या शब्दांत यंत्राशी बोलू द्यावे. ज्या वर्षी पेढीच्या काठी बाबांनी देह ठेवला, त्याच सुमारास तिकडे फिलाडेल्फियात बाईंचे यंत्र काही मोजकी इंग्रजी वाक्ये ओळखू लागले होते. या भाषेचे नाव पुढे फ्लो-मॅटिक पडले. एकदा त्यांनी तोच छोटा प्रोग्रॅम इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून वरिष्ठांना दाखवला. वरिष्ठ हबकले. अमेरिकन यंत्राला फ्रेंच-जर्मन कसे समजेल! यंत्राला सगळे शब्द सारखेच परके, हे त्यांच्या गळी उतरवायला बाईंना महिने लागले.

१९५९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात बैठक झाली आणि व्यवहाराच्या कामांसाठी सगळ्या यंत्रांवर चालेल अशी एक भाषा करायचे ठरले. तीच कोबोल. बाईंना तिची आजी म्हणत असले, तरी ती समितीने घडवली. जीन सॅमेट यांच्यासारख्या इतरांचा त्यात मोठा वाटा. पण पाया फ्लो-मॅटिकचा होता, आणि बाई सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वर्ष दोन आकड्यांत लिहिल्याचे संकट निस्तरायला आपल्याकडची अनेक मुले पुण्या-मुंबईहून परदेशी गेली, ती मुख्यतः याच भाषेतले जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला.

परीक्षकाची परीक्षा

१९६६ च्या अखेरीस नौदलाने बाईंना निवृत्त केले. वय साठ. सात महिन्यांतच, ऑगस्ट १९६७ मध्ये, त्यांना सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलावले. ते सहा महिने पुढे अनेक वर्षे चालले. काम काय होते? कोबोल एक, पण ती समजून घेणारे कंपायलर प्रत्येक कंपनीचे वेगळे. एकाने जे वाक्य बरोबर मानले, ते दुसरा नाकारी. तिसरा मानून घेई, पण अर्थ निराळा लावी. जहाजावरच्या धान्याचा आणि पगाराचा हिशेब असा दुभाष्याच्या लहरीवर सोडून कसे चालेल?

बाईंच्या गटाने कंपायलरसाठी प्रश्नपत्रिका तयार केली. उत्तरे आधी ठाऊक असलेले पुष्कळ छोटे प्रोग्रॅम. प्रत्येक प्रोग्रॅम भाषेचा एकेक नियम तपासणारा. कंपनीने कंपायलर आणला की हे सारे त्यातून काढायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकी सरकारला कंपायलर विकायचा तर अशी चाचणी द्यावी लागू लागली. तिचे वाढलेले रूप आजही मुक्त कोबोलच्या कंपायलरला तपासायला वापरले जाते. माणसाच्या चुका काढणाऱ्यालाही परीक्षेला बसवायचे, हा धडा त्यातून मिळाला.

मात्र प्रश्नपत्रिकेचा एक भाग उरतो. बरोबर प्रोग्रॅम दिला की कंपायलर बरोबर वागतो का, हे तपासणे सोपे. चुकीचा दिला तर तो कसा वागतो? खरे तर त्याच्याकडे दिवसभर येतात ते बहुतेक चुकलेलेच प्रोग्रॅम. बरोबर झालेला एकदाच येतो. तरी कंपायलर लिहिणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे बरोबर प्रोग्रॅमवर असते. मग भाचीसारखा प्रकार होतो. शर्टाचे पहिले बटण चुकीच्या काजात गेले, की खालची सगळी चुकतात. कंस मिटला नाही की कंपायलरची जागा चुकते, आणि पुढची प्रत्येक शहाणी ओळ त्याला वेडी दिसू लागते. काही वेळा तर गोंधळून तो स्वतःच कोसळतो.

याच्या उलट दोष आणखी वाईट. आपल्या भाषेत दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. एका वेलांटीचा फरक. फोर्ट्रॅन या जुन्या भाषेत एक काम दहा वेळा करण्याच्या आज्ञेत स्वल्पविरामाऐवजी टिंब पडले, तर कंपायलर तक्रार न करता भलताच अर्थ घेई. त्या भाषेत मोकळ्या जागेला किंमत नसे आणि नाव आधी सांगून ठेवायची गरज नसे, म्हणून. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मर्क्युरी अवकाश प्रकल्पाच्या प्रोग्रॅममध्ये अशी चूक वेळीच सापडली, म्हणून बरे. तेव्हा सौजन्य म्हणजे चूक पोटात घालणे नव्हे. चूक जिथे झाली तिथे बोट ठेवायचे, एकदाच ठेवायचे, आणि समोरच्याला कळेल अशा शब्दांत सांगायचे.

हे काही जणांना लवकर उमगले. १९६५ मध्ये कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात विद्यार्थ्यांनीच फोर्ट्रॅनचा असा कंपायलर लिहिला, जो विद्यार्थ्याला त्याची चूक नीट समजावून देई. त्या काळी कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. एका चुकीपायी दिवस जाई. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचा पीएल-सी तर चूक आपल्या अंदाजाने दुरुस्त करून, तसे सांगून, पुढे चाले. आज जीसीसीसारख्या मुक्त कंपायलरच्या चाचण्यांत मुद्दाम चुकवलेले प्रोग्रॅम ठेवलेले असतात. प्रत्येकासोबत, कोणत्या ओळीवर कोणती तक्रार यायला हवी, हे लिहिलेले असते. तक्रार आली पण ओळ चुकली, तरी कंपायलर नापास. कोणाला नवा दोष सापडला की तोही चाचण्यांत कायमचा दाखल होतो, म्हणजे दुरुस्त झालेली खोड पुन्हा उलटत नाही. पवईच्या आयआयटीतही या कंपायलरचा अभ्यास झाला आहे.

उलटे घड्याळ

बाई म्हाताऱ्या झाल्या, पण थांबल्या नाहीत. त्यांच्या कचेरीतल्या भिंतीवरचे घड्याळ उलटे फिरे, आणि वेळ बरोबर दाखवी. आजवर असेच चालत आले, हे कारण त्यांना कधीच पटत नसे. भाषणाला जाताना त्या जवळजवळ फूटभर लांबीच्या तारेचे तुकडे नेत आणि श्रोत्यांना वाटत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते, हे मुलांनाही हातात धरून कळे. १९८३ मध्ये त्यांना कमोडोर हा हुद्दा मिळाला, आणि दोन वर्षांनी त्या पदाचेच नाव बदलून त्या रिअर अॅडमिरल झाल्या. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टनला, कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर, एकोणऐंशीव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. तेव्हा सक्रिय सेवेतल्या सर्वांत वयस्क नौदल अधिकारी त्याच होत्या. लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९९६ मध्ये त्यांच्या नावाची युद्धनौका पाण्यात उतरली, आणि २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक देण्यात आले.

मला मात्र युद्धनौकेपेक्षा त्यांचे ते न जुळणारे चेकबुक मोठे वाटते. आपण चुकतो हे ज्याला मनापासून मान्य असते, तोच दुसऱ्याच्या चुकीची सोय करतो. कंपायलर तपासणाऱ्यांनी आपल्या प्रश्नपत्रिकेत वलगावच्या ओसरीवरच्या त्या मुलीची चूकही घालावी, एवढेच मागणे आहे. ती एक कंस विसरते. तिला एकतीस तक्रारी दिल्या, तर ती कंस शोधत नाही. स्वतःतच खोट शोधते. आणि शहरातल्या मुलाला शेजारी विचारायला कोणी असते, तसे तिला घरात कोणी नसते.

वऱ्हाडाला हे नवे नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या खेडुतांना प्रश्न विचारत. कर्ज काढून सण का केला, देवापुढे बकरे का कापले, असे एकेक विचारत त्याची चूक त्याच्याच तोंडून वदवून घेत. शब्द खरमरीत असत, पण कीर्तनातून कोणी उठून जात नसे. उलट दुसऱ्या गावच्या कीर्तनालाही लोक चालत जात. चूक लख्ख दिसावी आणि माणूस तरी टिकावा, ही कला बाबांना अवगत होती.

भाचीला मी एकच गोष्ट सांगून आलो. तक्रारींची रांग लागली, की फक्त पहिली वाचायची. ती दुरुस्त करून पुन्हा कळ दाबायची. खालच्या बहुतेक आपोआप गळतात. बी.ए.चा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. परवा बहिणीचा फोन आला. पोरीने नवा प्रोग्रॅम लिहिला म्हणे, आणि तक्रारी फक्त दोन आल्या.